लाभ, दोन, तीन

नियम क्रमांक सतरा मी लिहिला होता आणि मला त्याचा गर्व होता. देशभरातल्या पाळणाघरांसाठी किमान दर्जा ठरवायचं काम दोन वर्षं चाललं होतं. दिल्लीतल्या समितीनं मसुद्याचा एक भाग बेंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या आमच्या छोट्या संस्थेकडे सोपवला होता. खोलीला खिडक्या किती, किती मुलांमागे एक बाई, पाणी कुठं साठवायचं, असे एकूण एक्केचाळीस नियम. त्यातला सतरावा असा: 'दर तासाला मुलांची मोजणी मोठ्यानं करावी आणि आकडा पटाशी जुळवून पाहावा.' आमचे प्रमुख रघुपती अण्णा कुणाचं कौतुक करायची वेळ आली की तोंड आंबट करतात. पण हा नियम वाचून तेही आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, "सरी आहे, संहिता. यात स्वल्पही बदलू नकोस."

कागदावरचे नियम प्रत्यक्षात चालतात का हे पाहायला मला बोम्मसंद्र्याला पाठवलं. मी जन्माची बेंगळूरकर. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं या गावात आहे. पण होसूर रोडवरच्या त्या कारखान्यांमागच्या गल्ल्यांत मी त्याआधी पाऊल ठेवलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची मी नेहमी टिंगल करते; त्या यादीत आपलंही नाव आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाळणाघर म्हणजे एका भाड्याच्या घराचा तळमजला. एक मोठी खोली, स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण. पटावर चौदा मुलं, सगळी चार वर्षांच्या आतली. त्यांच्या आया आनेकलच्या बाजूनं पहिल्या पाळीच्या बसनं यायच्या, मुलं सोडून कामावर जायच्या आणि साडेपाचला न्यायला यायच्या. सांभाळायला दोघीजणी. ठकुबाई पंचावन्नची, निपाणीकडची, कमी बोलणारी. चंद्राबाई चाळिशीची, आनेकलची, स्वयंपाक करणारी आणि दोघींच्या वाट्याचं बोलणारी.

आसपासच्या लहान कारखानदारांच्या संघटनेनं हे पाळणाघर चालवलं होतं, पण आता त्यांना ती जागा दुसऱ्या कामाला हवी होती. आमच्या तपासणीत उतरलं तर ठेवू, नाहीतर महिनाअखेर बंद, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. म्हणजे सगळं माझ्या फॉर्मवर होतं. बंद झालं तर काय होईल ते चंद्राबाईनं मला पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं. कावेरी नावाची एक बाई औषधांच्या गोळ्या पॅक करायला जायची. इथं जागा मिळण्याआधी ती आपल्या दीड वर्षाच्या हर्षिताला खोलीत कोंडून, बाहेरून कुलूप घालून जायची. शेजारीण खिडकीतून अधूनमधून डोकवायची, तेवढाच आधार. मी मनाशी ठरवलं की हे पाळणाघर तपासणीत पास करायचंच.

दहा वाजले. मी ठकुबाईला मोजणी करायला सांगितली. ती उठेना.

"म्याडम, लेकरं अशी मोजू नयेत," ती म्हणाली. "मोजायचीच तर लाभ म्हनून मोजावी."

लाभ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या घरी वडील तांदूळ मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की बरकत जाते म्हणे. तांदळाचं ठीक, पण मुलं म्हणजे काय पोत्यातला तांदूळ, असं मी तिला सुनावलं आणि स्वतःच मोजायला लागले. मुलं चटयांवर बसून नाचणीची आंबील पीत होती. पंधरा भरली.

पुन्हा मोजलं. पंधरा. मग पट घेऊन एकेक नाव पुकारलं आणि त्या त्या मुलाकडे बोट दाखवून टिक केली. चौदा नावं, चौदा मुलं, पटाबाहेरचं एकही तोंड नाही. लगेच पुन्हा डोकी मोजली. पंधरा.

अकराला पंधरा, बाराला पंधरा. शेजारचं एखादं पोर येऊन जात असेल, असं मी म्हटलं. चंद्राबाई, जिला कुठलाही विषय वर्ज्य नव्हता, ती अचानक कुकरकडे बघायला लागली. चटयाही पंधरा होत्या. शेवटची, निळ्या काठाची, भिंतीजवळच्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं मला एकदाही दिसलं नाही. मी फॉर्मवर 'तफावत' असं लिहिलं. माझ्याच नियमात माझंच पाळणाघर नापास होत होतं, आणि माझा राग ठकुबाईवर निघत होता.

दोन दिवसांनी मी तयारीनिशी गेले. रंगीत चांदण्यांचे स्टिकर नेले, घरीच कात्रीनं कापून बरोबर चौदा. सकाळी प्रत्येक मुलाच्या पाठीवर एक चिकटवला. कागद रिकामा झाला. आता स्टिकर नसलेलं पोर दिसलं की बखोटीला धरून त्याच्या घरी पोचवायचं, असा माझा बेत होता. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

दहा वाजता चांदण्या मोजल्या, चौदा. डोकी मोजली, पंधरा. मी मुलांना भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभं केलं. सगळ्यांना तो खेळ वाटला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाठीला हात लावत गेले आणि प्रत्येक पाठीवर चांदणी होती. माझा हात पंधरा वेळा टेकला. कुठला स्पर्श जास्तीचा हे मला सांगता येत नव्हतं. सगळ्या पाठी गरम होत्या, सगळ्या हसून हलत होत्या. मी हात ओढणीला पुसला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला भीती वाटत होती, सरळ सांगते, आणि भर सकाळी भीती वाटतेय याची लाजही वाटत होती.

आत आले ती दुसरं काहीतरी तपासायचं म्हणून. नियम बावीस, दर महिन्याला मुलांची उंची. ठकुबाईनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या, प्रत्येकीशेजारी नाव आणि तारीख. मुलं वाढत होती तशा रेघा वर चढत होत्या. एकच रेघ जागची हलली नव्हती. माझ्या कमरेच्या जरा वर, आणि तिच्याशेजारी इतक्या तारखा की लाकूड काळं पडलेलं. पहिली तारीख पाळणाघर उघडलं त्या महिन्यातली, म्हणजे सहा वर्षांपूर्वीची. शेवटची याच महिन्यातली. नाव लिहिलं होतं, लाभ.

मी ठकुबाईला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण उत्तर मिळालं असतं तर ते फॉर्मवर कुठं लिहायचं हा माझा प्रश्न होता. त्याऐवजी मी नियम नऊ काढला: आगीच्या वेळी बाहेर पडता यावं म्हणून मागच्या दाराला आतून कडी नसावी. मागच्या दाराला वर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, एक कडी होती. ती काढून टाका म्हणून सांगितलं. ठकुबाई म्हणाली की अंगणात संप आहे. आमच्या गावात घरोघरी जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला संप म्हणतात. मी जाऊन पाहिलं. झाकण लोखंडी, जड, बंद. मी म्हटलं, झाकण बंद आहे ना, मग झालं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी माझ्या हातानं सोडला.

तिसरा दिवस शेवटचा. मी निश्चय करून गेले होते. निळ्या काठाची चटई गुंडाळून कपाटात ठेवायला लावली, आणि मोजणी नियमाप्रमाणे एकपासून व्हायला हवी, लाभ नाही, हे बजावून सांगितलं. ठकुबाईनं विचारलं की असं केल्यावर पाळणाघर राहील का. मी हो म्हटलं. तिनं चटई स्वतः गुंडाळली. कपाट लावताना ती पुटपुटली, पण माझ्याशी नाही.

दहाला पंधरा. अकराला पंधरा. मी पेन दातात धरून बसले होते. मधे पाण्याचा टँकर आला, मागच्या अंगणात पाइपचा आवाज झाला, चंद्राबाई सही करून आली. बाराला ठकुबाईनं मोजलं, एक, दोन, तीन, आणि ती चौदावर थांबली.

मी स्वतः मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं, चौदा. इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नसेल. फॉर्मवर 'जुळले' असं लिहिलं आणि अण्णांना फोन लावायला मोबाइल काढला.

ठकुबाईच्या हातातली पळी खाली पडली.

"आकडा जुळला?" ती म्हणाली. "मग कोन न्हाई हितं?"

मला आधी कळलंच नाही. ती मुलांमधून धावत सुटली होती, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत, नाव घेत. तेरा नावं झाली. चौदावं नाव हर्षिताचं. तिनं ते दोनदा घेतलं आणि मागे वळली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

अंगणात संपाचं झाकण बाजूला पडलं होतं. टँकरवाला पाइप काढून निघून गेला होता. भोकाच्या काठावर हर्षिता बसली होती, पाय आत सोडून. पाणी तिच्या तळव्यांना लागत होतं. ठकुबाई ओरडली नाही. हळू चालत गेली, मागून तिला दोन्ही काखांत धरलं आणि उचललं. मग तिथंच फरशीवर बसली, पोरीला छातीशी धरून. मी झाकण ओढायला गेले तर ते जागचं हललं नाही. ते चंद्राबाईनं लावलं.

हर्षिता रडत नव्हती. आपल्याला का उचललं हे तिला पटलं नव्हतं. ती रिकाम्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाली, "अण्णा बेड अंद." अण्णा, म्हणजे मोठा भाऊ, नको म्हणाला. अंगणाला चारी बाजूंनी उंच भिंत होती. हर्षिताला भाऊ नाही, आणि पटावरची बाकी सगळी मुलं आत खोलीत होती.

मुलं झोपल्यावर ठकुबाईनं मला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या बांधकामावर मुलं सांभाळायची, पत्र्याच्या खोलीत. एका संध्याकाळी मुलांना टेंपोत घालून मजुरांच्या वस्तीवर न्यायचं होतं. मुकादम मागं लागला होता, मोजा आणि निघा. पटावर तेरा. "मी टेंपोच्या फळीवर हात ठिवून लाभ म्हनले," ती म्हणाली. "देवाचं नाव घेतल्यागत. आन् पयल्या लेकराला दोन म्हनले. त्येरा भरली. आकडा बराबर जुळला, म्याडम."

टेंपोत बारा मुलं होती. तेरावा परसू, चार वर्षांचा. सकाळी तो सिमेंटवर मारायच्या पाण्याच्या टाकीत सापडला. त्याच्या आईनं ठकुबाईला एकच विचारलं होतं, किती मोजलीस. ठकुबाई म्हणाली, तेरा. तेव्हापासून ती जिथं काम करेल तिथं एक जास्त भरतं. तिनं कधी त्याला पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. फक्त चटई टाकते, उंची मोजते, कारण बाकीच्यांची मोजते. आणि आकडा जास्त भरतो तोवर सगळी आहेत असं समजते. जुळला की कुणीतरी गेलं.

दर तासाला आकडा पटाशी जुळवावा, असं मी लिहिलं होतं. त्या ओळीत कुठल्याच मुलाचं तोंड नव्हतं. बारा वाजता संपाच्या काठावर एक मूल बसलेलं असताना माझा नियम पूर्ण झाला होता, आणि मी खाली सही करणार होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साडेपाचला कावेरी आली. मी तिला सगळं सांगितलं, कडी मी काढायला लावली हेही. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं, त्या मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं हर्षिताचे ओले पाय पदरानं पुसले, जरी ते कधीच वाळले होते. मग विचारलं, उद्या उघडं असेल ना? तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

त्या रात्री मी अहवाल लिहिला. नापास पाळणाघर नाही, नियम सतरा आणि नऊ नापास आहेत, दोन्ही माझ्या देखरेखीत, असं स्पष्ट लिहिलं. मोजणी काढून टाकली. त्या जागी लिहिलं: 'दर तासाला प्रत्येक मुलाला नावानं हाक मारावी, त्याला हात लावावा, आणि त्याची ओ ऐकल्याशिवाय पुढचं नाव घेऊ नये.' दाराला वरची कडी परत, आणि तिच्यापाशी कायम एक मोठं माणूस. अण्णा फोनवर म्हणाले की समितीला आकडे आवडतात, पण मी भांडतो. पाळणाघर ठेवावं अशी शिफारस त्यांनी सकाळी संघटनेला पाठवली. संघटनेनं कुरकुरत का होईना, मान्य केलं.

हे सांगायला मी स्वतः बोम्मसंद्र्याला गेले. कडी परत बसली होती. दुपारी नव्या नियमाप्रमाणे ठकुबाईनं चौदा नावं पुकारली, चौदा डोक्यांवर हात ठेवला, चौदा ओ आल्या. मी सवयीनं डोकी मोजली. पंधरा. निळी चटई कोपऱ्यात अंथरली होती.

मी पट पुढं ओढला. तीन दिवस मी मोजणी चुकते म्हणून चिडत होते. चुकलेला पट होता. पंधराव्या ओळीत लिहिलं, परसू. वय चार. नियम एकतीसप्रमाणे शेवटचा रकाना महत्त्वाचा असतो: संध्याकाळी मुलाला घरी कोण नेणार. त्या नावाखेरीज मूल दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. मी पेन थांबवून ठकुबाईकडे पाहिलं.

"माझं लिवा," ती म्हणाली.

तिनं सही केली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. परसू. ओ आली नाही. पण खोलीतली चौदाच्या चौदा मुलं एकदम वळून निळ्या चटईकडे बघायला लागली, आणि हर्षितानं हात हलवला.

संध्याकाळी आया आल्या. एकेक नावापुढं सही होऊन मुलं गेली. शेवटी पंधराव्या ओळीत ठकुबाईनं सही केली, चपला घातल्या आणि आनेकलच्या बसच्या थांब्याकडे निघाली. मी दारातून पाहत होते. ती नेहमी भराभर चालते. त्या दिवशी पावलं लहान टाकत होती आणि डावा हात अंगापासून जरा दूर धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी जायचं काही कारण नव्हतं, तरी गेले. दहा वाजता चौदा नावं, चौदा ओ. मी डोकी मोजली तर चौदा. मी एकेका मुलाला हात लावून पुन्हा नाव विचारलं, मागचं दार पाहिलं, कडी पाहिली. सगळी होती. निळी चटई गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. आता चूक झाली तर सांगायला कुणी नव्हतं, आमच्याशिवाय.

ठकुबाई आंबील ढवळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल बस लई भरली हुती. कंडक्टर म्हनला, अक्का, लेकराला मांडीवर घ्या, बाकीच्यांना बसू द्या."

मी विचारलं, "मग?"

"घेतलं," ती म्हणाली.